तंबोऱ्यासाठी चार चॅनलचा रॅक प्रीअँप : कामाच्या नोंदी

मिरजेत आमच्या गल्लीत तंबोरे बनतात. शेजारचे काका घोडी (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) घासून जवारी लावतात, म्हणजे तारांना झणकार आणतात. गिऱ्हाईक लांबचं असलं की वाद्य पाठवण्याआधी त्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवावा लागतो आणि ते काम माझ्याकडे येतं. तंबोऱ्याचा आवाज मुळातच हळू. माझ्या जुन्या इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) गेन, म्हणजे आवाजाची वाढ, त्यासाठी शेवटपर्यंत वाढवला की तारांच्या मागे पावसासारखी फुसफुस ऐकू येते, आणि जवारीचा जो बारीक झणकार गिऱ्हाइकाला ऐकायचा असतो नेमका तोच तिच्यात बुडतो. म्हणून चार चॅनलचा माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) रॅकच्या डब्यात स्वतः बांधायला घेतला. असंच काही करायला बसणाऱ्यांसाठी या नोंदी.

९ जून २०२४

आज फक्त ठरवाठरवी. प्रत्येक चॅनलला माइकचा सिग्नल वाढवणारा आयसी आयएनए २१७ आणि पुढे बॅलन्स्ड (दोन वायरींवर उलटसुलट सिग्नल पाठवणाऱ्या) आउटपुटसाठी डीआरव्ही १३४. दोन्ही आठ पायांच्या डिप पॅकेजमध्ये मिळतात, म्हणजे सॉकेटमध्ये बसवता येतात. २१७ चा गेन एकाच रेझिस्टरने ठरतो : १ अधिक १० हजार भागिले आरजी (त्या रेझिस्टरचे ओहम). दहा ओहमला ६० डीबी (डेसिबल). डीआरव्ही स्वतःचे ६ डीबी वाढवतो, त्यामुळे पॅनेलवर आकडे २६ ते ६६ असे येतील.

ट्रान्सफॉर्मर टोरॉइड (कड्यासारखा गोल), पुण्यात गुंडाळून घ्यायचा : १८-०-१८ व्होल्ट आणि फँटमसाठी (माइकला केबलमधूनच द्यायच्या विजेसाठी) २४ व्होल्टचं वेगळं वाइंडिंग. १५-०-१५ स्वस्त पडतो, पण आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी विजेची लाइन दोनशे व्होल्टच्या खाली येते. तेव्हा रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीला) वरचे दोन व्होल्टही उरणार नाहीत आणि हम (विजेची घुरघुर) सुरू होईल. ट्रान्सफॉर्मर १,४५० रुपये. डबा १यू, म्हणजे ४४.४५ मिमी उंचीच्या खणातला. हा निर्णय घाईत घेतला. ऑगस्टमधल्या नोंदी वाचल्यावर तुम्ही बहुधा २यू घ्याल.

२३ जून

पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेल्या सामानावर ±१५ व्होल्टची सप्लाय उभी केली. अधिक बाजू लगेच चालली. उणे बाजूला मीटर १५ सोडून भलतंच दाखवत होता. दोन तास डायोड तपासण्यात गेले. चूक बोर्ड आखतानाच झाली होती : उणे बाजूच्या एलएम ३३७ रेग्युलेटरचे पाय मी अधिक बाजूच्या ३१७ सारखे धरले. ३१७ मध्ये क्रम अ‍ॅडजस्ट, आउट, इन. ३३७ मध्ये अ‍ॅडजस्ट, इन, आउट. धातूची पाठसुद्धा वेगळी : ३१७ ची आउटपुटला, ३३७ ची इनपुटला जोडलेली असते. दोन्हींखाली अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुशी हवीच.

आयसी अजून सॉकेटमध्ये घातले नव्हते, म्हणून नुकसान फक्त एका रेग्युलेटरचं. सॉकेट रिकामे ठेवून आधी सगळे व्होल्टेज मोजायचे, हा नियम इथून पुढे एकदाही मोडला नाही.

३० जून

फँटमचे ४८ व्होल्ट. २४ व्होल्टच्या वाइंडिंगवर डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट) आणि पुढे टीएल ७८३ रेग्युलेटर. डबलरवर गणिताने ६७ च्या आसपास यायला हवे होते, मीटरवर ७६ आले. रात्रीची लाइन २४५ होती आणि ट्रान्सफॉर्मरवर लोड नव्हता. मी तिथे ६३ व्होल्टचा कपॅसिटर लावला होता. हात लावला तर गरम. लगेच बंद करून १०० व्होल्टचा घातला.

वीस मिनिटांनी जळका वास. टीएल ७८३ ला स्वतःला किमान १५ मिलिअँप लागतात, म्हणून आउटपुट आणि अ‍ॅडजस्टमध्ये ८२ ओहम घालतात. तोच करंट खालच्या ३ किलोओहममधून जातो आणि तिथे साधारण पाऊण वॅट उष्णता होते. मी पाव वॅटचा रेझिस्टर लावला होता. त्याचे पट्टे तपकिरी होऊन ओळखू येत नव्हते. दोन वॅटचा लावला, बोर्डापासून पाच मिमी वर उचलून. ४८.१ व्होल्ट, स्थिर.

फँटमचे ६.८ किलोओहमचे रेझिस्टर मात्र मन लावून निवडले. दोन्ही पायांचे रेझिस्टर एकमेकांशी जितके जुळतील तितका बाहेरचा हम कमी आत येतो. एक टक्क्याच्या शंभर रेझिस्टरांची पट्टी घेतली, एकेक मोजून कागदावर मांडला आणि दोन-तीन ओहमच्या फरकातल्या चार जोड्या काढल्या. साध्या मल्टिमीटरने हे होतं, कारण खरा आकडा नसला तरी चालतो, जोडी जुळली पाहिजे. एक संध्याकाळ लागली.

१४ जुलै

आयएनए २१७ ऑनलाइन १९० रुपयांना एक दिसला आणि मी चार मागवले. बोर्ड पहिल्या झटक्यात चालला, आवाज आला, आनंद झाला. मग नॉइज मोजला. एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनांच्या) प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर केला (माइकच्या जागी हा), तो इनपुटला लावला आणि गेन पूर्ण. फुसफुस माझ्या जुन्या इंटरफेसपेक्षाही जास्त.

आठवडाभर मी स्वतःच्या बोर्डाला दोष देत होतो. ग्राउंडच्या वायरी बदलल्या, सप्लायला आणखी कपॅसिटर लावले, इनपुटचे कपॅसिटर बदलले. काही फरक नाही. शेवटी थिनरमध्ये कापसाचा बोळा बुडवून आयसीच्या पाठीवरून फिरवला. अक्षरं बोळ्यावर आली आणि खाली दुसऱ्याच कुठल्यातरी छपाईच्या पुसट खुणा दिसल्या. अधिकृत वितरकाकडून ८५० रुपयांना एक असे चार मागवले. त्याच बोर्डावर, त्याच सॉकेटमध्ये, त्याच गेनला नॉइज १२ डीबी खाली. खऱ्या आयसीवरची अक्षरं थिनरने हलली नाहीत.

गेलेले ७६० रुपये विसरता येतात. आठवडा परत येत नाही. नवा आयसी बोर्डावर लावण्याआधी थिनर आणि कापूस, एवढं करा.

२८ जुलै

गेनसाठी आधी साधा पॉट (फिरवून रोध बदलायचा रेझिस्टर) लावला होता. अर्धा फेरा फिरवला तरी काही होत नाही आणि शेवटच्या बोटभर जागेत ३० डीबी उसळतात. इथे उलटा लॉग पॉट लागतो, तो बाजारात कुठे मिळाला नाही. म्हणून १२ घरांचा रोटरी स्विच. त्यातली ११ घरं वापरली, प्रत्येक घर ४ डीबीचं. दोन चॅनल तंतोतंत एका गेनला आणता येतात, हा फायदा तंबोऱ्याच्या जोडीला फार मोठा.

पहिल्या बोर्डावर प्रत्येक घर बदलताना स्पीकरमधून 'ठप्' असा आवाज यायचा. स्विच एका घरातून दुसऱ्या घरात जाताना क्षणभर काहीच जोडलेलं नसतं, त्या क्षणी गेन थेट १ वर कोसळतो. उपाय : १.१ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवला आणि बाकीची घरं त्याला समांतर केली. आता मधल्या क्षणी गेन २० डीबीच्या खाली जात नाही. घर बदलल्याचं हलकंसं कळतं, ठप् होत नाही.

४ ऑगस्ट

आज बोर्ड टेबलावर उघडा ठेवून पहिला तंबोरा रेकॉर्ड केला. मर्दानी तंबोरा, काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेला. मुद्दाम डायनॅमिक माइक लावून गेन शेवटपर्यंत नेला, म्हणजे नॉइज ऐकू यावा. नॉइज नाहीच म्हणावा इतका कमी. मी खूश. काकांनी हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"खर्ज दबलाय रे," ते म्हणाले. खर्ज म्हणजे सर्वांत खालची तार, जोड म्हणजे मधल्या दोन. "जोड बोलतीय, खर्ज बोलत नाही."

"काका, माइक जरा वर लागलाय. भोपळ्याकडे घेतो."

माइक तीन ठिकाणी हलवून पाहिला. काकांचं म्हणणं तेच. ते गेल्यावर प्रीअँपच्या इनपुटला वेगवेगळे टोन देऊन मोजलं. सर्वांत खालच्या गेनला सरळ रेषा. पूर्ण गेनला ७० हर्ट्झपाशी ३ डीबी कमी.

आरजीबरोबर एक कपॅसिटर असतो, डीसी वाढू नये म्हणून. मी तिथे २२० मायक्रोफॅरड लावला होता, कारण तो सामानाच्या डब्यात पडला होता. आरजी १० ओहमवर आला की त्याच्याबरोबर हा कपॅसिटर ७२ हर्ट्झपासून खालचं कापायला लागतो. काळी एकचा खर्ज येतो ६९ हर्ट्झवर. म्हणजे खर्जाची तार नेमकी कापाच्या जागी. गेन कमी असला की आरजी मोठा असतो, म्हणून तिथे हे दिसत नव्हतं. ३३०० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचे चार आणले. आता काप ५ हर्ट्झच्याही खाली.

संध्याकाळी काकांना परत बोलावलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि चहा मागितला. मी यंत्राने मोजायला गेलो ते त्यांनी ऐकलं म्हणून. नाहीतर हा कपॅसिटर डब्यात तसाच बंद झाला असता.

११ ऑगस्ट

डबा आला. कुपवाड एमआयडीसीत लेझर कटिंग, बेंडिंग आणि पावडर कोटिंग करून घेतलं, १.६ मिमी सीआरसी पत्रा, २,९०० रुपये. पुढची पट्टी ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची वेगळी.

एक्सएलआरच्या डी-टाइप सॉकेटला २४ मिमीचं भोक लागतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये २२ होतं. कारखान्याने ड्रॉइंगप्रमाणे अचूक काम केलं, चूक संपूर्ण माझी. आठ भोकं अर्धगोल कानशीने घासत दोन संध्याकाळी गेल्या, तळहाताला फोड आले आणि कडेचं कोटिंग उडालं. लेझरला ड्रॉइंग देण्याआधी एकास-एक मापाची प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि खरं सॉकेट त्यात बसवून बघा. पुढच्या पट्टीला मी तसं केलं आणि ती पहिल्यांदाच रॅकमध्ये बसली.

२५ ऑगस्ट

सगळं डब्यात बसलं. झाकण लावलं, वीस मिनिटं छान चाललं. एक वायर नीट बांधायची राहिली म्हणून झाकण उघडून परत लावलं, स्विच दाबला. ट्रान्सफॉर्मर घुरघुरला आणि फ्यूज उडाला.

झाकण काढून तपासलं, काही सापडलं नाही. नवा ५०० मिलिअँपचा स्लो-ब्लो फ्यूज घातला, चालू. झाकण लावलं, उडाला.

२९ ऑगस्ट

चार दिवस. रोज कामावरून आल्यावर रात्री बारापर्यंत. ब्रिज बदलला. वायर झाकणाखाली चिमटते का, हे बघायला सगळ्या वायरींवर स्लीव्ह घातली. टोरॉइड सुरू होताना मोठा करंट ओढतो हे वाचलं होतं, म्हणून १ अँपचा फ्यूज घातला. तोही गेला. (मोठा फ्यूज घालणं ही उघड चूक होती. फ्यूज का उडतोय हे कळेपर्यंत तो वाढवू नका.)

आज टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मित्राने सांगितलं, सिरीज बल्ब लाव. ६० वॅटचा जुना बल्ब लाइनच्या वायरीत घालून प्रीअँप सुरू केला. झाकण उघडं : बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला, म्हणजे सगळं ठीक. मग लाकडी पट्टीने झाकण हळूच मधोमध दाबलं. बल्ब भपकन पूर्ण पेटला. पट्टी उचलली, विझला. दाबली, पेटला. तसं चार-पाच वेळा केलं, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना.

झाकण काढून पालथं केलं. आतल्या काळ्या कोटिंगवर, बरोबर ट्रान्सफॉर्मरच्या वर, साबुदाण्याएवढा चकचकीत ठिपका. टोरॉइडच्या मधून जाणारा बोल्ट दोन मिमी जास्त लांब होता आणि झाकणाला टेकत होता. पहिल्यांदा कोटिंग मध्ये होतं म्हणून वीस मिनिटं निभावलं. दुसऱ्यांदा स्क्रू आवळताना कोटिंग फुटलं.

बोल्ट खाली तळाला जोडलेला, वर झाकणाला टेकलेला, झाकण कडेने परत तळाला जोडलेलं. हा झाला ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातून जाणारा एक पूर्ण वेढा, जाड लोखंडाचा, शॉर्ट. त्या एका वेढ्यात एका व्होल्टपेक्षाही कमीच तयार होतो, पण रोध जवळजवळ शून्य असल्याने करंट प्रचंड. आणि झाकण अर्थला नीट जोडलेलं राहावं म्हणून कडांचं कोटिंग मीच काळजीपूर्वक खरवडलं होतं.

बोल्ट हॅक्सॉने पाच मिमी कापला, टोक घासलं, झाकणाला आतून फायबरचा तुकडा चिकटवला. टोरॉइडचा बोल्ट एकाच बाजूने पत्र्याला जोडलेला असावा. दोन्ही बाजूंनी कधीच नाही. २यू डबा घेतला असता तर हे झालंच नसतं.

८ सप्टेंबर

घरी गणपती, काम थोडंच. हेडफोनमध्ये ५० हर्ट्झचा खालचा 'घूं' आहे. रेक्टिफायरची तक्रार असती तर १०० आला असता. डब्याला हात लावला की कमी होतो. म्हणून भिंतीतल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजलं : ३८ व्होल्ट. म्हणजे घराची अर्थिंग कुठेतरी तुटलेली. लोखंडी डबा, आत २३० व्होल्ट आणि अर्थ नाही. बाप्पा जाईपर्यंत वायरमन मंडपांच्या लायटिंगमध्ये अडकलेला. तोपर्यंत प्रीअँप सुरू करायचा नाही असं ठरवलं.

२२ सप्टेंबर

अंगणात नवा खड्डा, पाइप, मीठ-कोळसा. ३,८०० रुपये. न्यूट्रल आणि अर्थमध्ये आता पावणेदोन व्होल्ट. हम बराच गेला.

उरलेला हम फक्त चौथ्या चॅनलला, तोच ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. प्लग काढून बोल्ट थोडा सैल केला, टोरॉइड पंधरा-पंधरा अंश फिरवला, आवळला, सुरू करून ऐकलं, परत बंद. सातव्या खेपेला अशी जागा सापडली की हम जवळजवळ नाहीसा झाला. तिथे रंगाने खूण केली. ट्रान्सफॉर्मरच्या वायरी थोड्या लांब ठेवा, नाहीतर असा फिरवता येत नाही.

२९ सप्टेंबर

काकांच्या खिशात बटणांचा फोन असतो. फोन येण्याआधी दोन सेकंद प्रीअँपमधून 'टर्र टर्र' यायचं. एक्सएलआरची पिन १ मी वायरने बोर्डाच्या ग्राउंडला नेली होती. त्यामुळे केबलच्या शिल्डवर आलेला बाहेरचा सगळा कचरा थेट माइकच्या सर्किटमध्ये. ऑडिओ इंजिनीअर नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हा दोष 'पिन १ प्रॉब्लेम' म्हणून मांडला, तरी अजून आपण सगळे तो करतो. आठही सॉकेटांची पिन १ तिथल्या तिथे, सॉकेटच्या स्क्रूखाली टॅग देऊन, खरवडलेल्या पत्र्याला जोडली. बोर्डाचं ग्राउंड पत्र्याला एकाच ठिकाणी. फोन आता डब्यावर ठेवून वाजवला तरी काही येत नाही.

२० ऑक्टोबर

हिशेब. डब्यात जे आहे त्याचे १८,८१० रुपये. नकली आयसी, जळालेलं आणि फुकट गेलेलं मिळून १,४००. अर्थिंग ३,८००. एकूण २४,०१०. वेळ साडेचार महिने, त्यातला सर्किटवर गेलेला फार तर एक. बाकीचा पत्रा, भोकं, बोल्ट, अर्थ आणि वायरी. नव्याने बांधला तर आधी डबा आणि अर्थिंग करीन, सर्किट शेवटी. तिसऱ्या चॅनलचा स्विच ५० च्या घरात कधीकधी खरखरतो, तो बदलायचा आहे.

आज दुपारी पंखा बंद करून, खिडकीला रजई लावून, तंबोऱ्याची जोडी रेकॉर्ड केली. दोन माइक, दीड फुटावर, दोन्ही चॅनल ५४ वर. पहिला टेक घेतला तो मला निर्दोष वाटला. दुसऱ्याच्या मध्यावर काकांनी हात वर केला. डाव्या तंबोऱ्याच्या दुसऱ्या जोडाखालचा, तार आणि घोडी यांच्यामधला, जवारीचा दोरा केसभर सरकला होता. त्यांनी तो नखाने मागे घेतला, तार छेडली, पुन्हा किंचित पुढे केला. हेडफोनमध्ये तो झणकार उघडताना मला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आला. तिसरा टेक घेतला, तोच गिऱ्हाइकाला पाठवला.